आरशाचा ‘पारा उडाला’ म्हणजे नेमकं काय उडालं? जुन्या आरशांचे प्रकार आणि ते ओळखायच्या खुणा

कडेला काळपट डाग पडलेला, मध्येच धुरकट झालेला आरसा दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतं, “याचा पारा उडाला.” हल्लीच्या आरशांत पारा नसतोच, तरी हा शब्दप्रयोग टिकून आहे. कारण तीनशेहून अधिक वर्षं काचेचा चांगला आरसा पाऱ्याशिवाय बनतच नव्हता. असे आरसे आजही जुन्या वाड्यांत, बंगल्यांत आणि जुन्या बाजारात सापडतात.

सध्या अशा आरशांना भलतीच मागणी आहे. नक्षीदार चौकटीतला ‘व्हिंटेज’ आरसा, त्यासमोर काढलेला सेल्फी आणि खाली ‘शंभर वर्षं जुना, ओरिजिनल बेल्जियम’ अशी ओळ असलेल्या पोस्ट रोज दिसतात. त्यातले काही आरसे खरोखर जुने असतात, तर काही गेल्या वर्षी कारखान्यात मुद्दाम डागाळलेले असतात. काही खरे जुने आरसे मात्र निष्काळजीपणे हाताळले तर आरोग्याला त्रासदायक ठरू शकतात. त्यामुळे पैसे मोजण्याआधी किंवा आजीच्या खोलीतला आरसा झाडूनपुसून भिंतीवर लावण्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

आरशात काच महत्त्वाची नसते!

ऐकायला विचित्र वाटेल, पण नेहमीच्या आरशात प्रतिमा काच दाखवत नाही, तिच्या मागचा धातूचा पातळ थर दाखवतो. काचेचं काम त्या थराला सपाट आधार देणं आणि त्याचं रक्षण करणं इतकंच. म्हणून आरशाचं वय आणि प्रकार ओळखायचा असेल तर समोरून पाहून भागत नाही, त्याची पाठ बघावी लागते. आरशांचा सगळा इतिहास म्हणजे ही पाठ बदलत गेल्याचा इतिहास आहे.

काचेच्या आधीचे आरसे

माणसाने सुरुवातीला स्वतःला पाण्यात पाहिलं. त्यानंतर दगडात. आजच्या तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या नवाश्मयुगीन वस्तीत ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेचे, घासून गुळगुळीत केलेले आरसे सापडले आहेत. ते सुमारे 8,000 वर्षांपूर्वीचे आहेत.

पुढे धातू आला. इजिप्तमध्ये तांब्याचे आणि नंतर कांशाचे मुठीचे आरसे वापरले जात. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरही तांब्याचे आरसे मिळाले आहेत. चीनमध्ये कांशाच्या गोल आरशांची मोठी परंपरा होती. त्यांची एक बाजू चकचकीत, तर दुसऱ्या बाजूला सुंदर नक्षी आणि मधोमध दोरा ओवायला उंचवटा असे.

यातलाच एक प्रकार म्हणजे चीन आणि जपानमधले ‘जादूचे आरसे’. समोरून बघितलं तर साधा आरसा, पण त्यावर ऊन घेऊन कवडसा भिंतीवर पाडला की मागच्या बाजूची नक्षी त्या कवडशात उमटते! धातूतून उजेड आरपार जातो की काय, असंच वाटतं. प्रत्यक्षात धातू घासताना मागच्या नक्षीनुसार समोरच्या पृष्ठभागावर अत्यंत सूक्ष्म उंचसखलपणा येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण परावर्तित होणाऱ्या उजेडाला कमीजास्त वळवतो आणि भिंतीवर चित्र तयार होतं.

आपल्याकडे अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात हातात आरसा धरून शृंगार करणाऱ्या राजकन्येचं प्रसिद्ध चित्र आहे. कर्नाटकातल्या बेलूरच्या होयसळ मंदिरातली ‘दर्पणसुंदरी’ही अनेकांनी पाहिली असेल. या दोघींच्या हातातले आरसे धातूचे आहेत. देवाच्या पूजेत छत्र, चामर यांच्याबरोबर दर्पण दाखवण्याचा उपचार येतो, तोही याच परंपरेतला.

आरनमुळा: आजही बनणारा धातूचा आरसा

हा प्रकार फक्त संग्रहालयात उरला आहे असं समजू नका. केरळच्या पत्तनमतिट्टा जिल्ह्यातल्या आरनमुळा या गावात आजही काही मोजकी कुटुंबं धातूचे आरसे बनवतात. त्यांना ‘आरनमुळा कण्णाडी’ म्हणतात. कण्णाडी म्हणजे आरसा. या आरशांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा हा आरसा असतो. नेहमीच्या कांशात कथिलाचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास असतं, तर इथे ते जवळपास एक तृतीयांश असतं. नेमकं प्रमाण ही कुटुंबं गुपित ठेवतात. एवढ्या कथिलामुळे धातू चंदेरी पांढरा, अतिशय कठीण आणि तितकाच ठिसूळ होतो. मातीच्या साच्यात तो ओतायचा, थंड झाल्यावर लाकडी ठोकळ्यावर चिकटवायचा आणि मग तेल आणि बारीक भुकटी लावून कापडावर दिवसचे दिवस घासत राहायचं. शेवटी तो पितळी चौकटीत बसवतात. हा आरसा हातातून पडला तर धातूचा असूनही काचेसारखा फुटतो.

त्याची खूण सोपी आहे. बोटाचं टोक आरशाला टेकवा. घरातल्या काचेच्या आरशात बोट आणि त्याची प्रतिमा यांच्यात थोडी फट दिसते, कारण परावर्तन काचेच्या मागच्या बाजूने होतं. आरनमुळ्याच्या आरशात फट दिसत नाही. बोटाला बोट भिडतं.

आता एक गैरसमज दूर करू. ‘बोट टेकवल्यावर फट दिसली नाही तर तो टू-वे आरसा, पलीकडून कुणीतरी बघतंय’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतात. ही चाचणी भरवशाची नाही. परावर्तक थर समोरच्या बाजूला आहे की मागच्या, एवढंच ती सांगते. टू-वे आरसा चालतो तो उजेडातल्या फरकावर: बघणाऱ्याची खोली अंधारी आणि समोरची उजळ. म्हणून ट्रायल रूममध्ये शंका आलीच तर काचेला डोळे भिडवून, दोन्ही हातांचा आडोसा करून किंवा मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवून पलीकडे काही दिसतं का हे बघणं जास्त उपयोगाचं.

मुरानोचं गुपित आणि व्हर्सायचा दिमाख

काचेचे छोटे आरसे रोमन काळापासून होते, पण मोठे, सपाट आणि स्वच्छ आरसे युरोपात 16व्या शतकात गाजले ते व्हेनिसचे. व्हेनिसने आपले काच कारागीर 1291 मध्ये मुरानो बेटावर हलवले होते. भट्ट्यांमुळे शहराला आग लागू नये हे कारण होतंच, शिवाय बेटावर गुपितं सांभाळणंही सोपं होतं.

आरशाची पद्धत अशी होती. सपाट टेबलावर कथिलाचा पातळ पत्रा पसरायचा. त्यावर पारा ओतायचा. पारा आणि कथील एकजीव होऊ लागले की त्यावर काच अलगद सरकवायची आणि वर वजनं ठेवायची. मग टेबल हळूहळू तिरकं करत जास्तीचा पारा निथळू द्यायचा. यात कित्येक दिवस, मोठ्या आरशाला तर आठवडे जात. शेवटी काचेच्या पाठीला कथील आणि पाऱ्याचा चंदेरी थर घट्ट बसे.

हा आरसा इतका महाग असे की तो असणं हीच श्रीमंती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर याला आपला पैसा व्हेनिसला जातोय हे खुपत होतं. त्याने मुरानोचे काही कारागीर फोडून पॅरिसला आणले आणि 1665 मध्ये राजाश्रयाने आरशांचा कारखाना काढला. त्याच कारखान्यातून पुढे उभी राहिलेली ‘सेंट-गोबेन’ ही कंपनी आज भारतातही काच बनवते. खिडकीच्या काचेवर तिचं नाव तुम्ही नक्की वाचलं असेल.

या कारखान्याची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यातलं आरसेदालन. 1678 ते 1684 या काळात बांधलेल्या, 73 मीटर लांबीच्या या दालनात 17 कमानी आणि प्रत्येक कमानीत 21, असे एकूण 357 आरसे आहेत. एकेका कमानीत इतके तुकडे का? कारण तेव्हा एवढी मोठी सलग काच बनवणं जमत नव्हतं. जुन्या मोठ्या आरशात जोड दिसले तर तो दोष नसून त्याच्या वयाची खूण असू शकते, ती यामुळेच. पुढे 1919 मध्ये पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह याच दालनात झाला.

या झगमगाटाची किंमत कारागिरांनी मोजली. वर्षानुवर्षं पाऱ्याची वाफ श्वासात गेल्याने त्यांचे हातपाय थरथरू लागत, दात पडत, बुद्धीवरही परिणाम होई.

पाऱ्याची जागा चांदीने घेतली

1835 मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून काचेवर शुद्ध चांदीचा थर बसवण्याची रीत दाखवली. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे इतका पातळ असतो की मोठ्या आरशालाही फारच थोडी चांदी लागते. तरीही कारखान्यांना ही पद्धत अंगवळणी पडायला काही दशकं गेली आणि पाऱ्याचे आरसे साधारण 1900 पर्यंत बनत राहिले. 20व्या शतकात निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा थर देण्याची पद्धत आली. बाजारातले बरेचसे स्वस्त आरसे त्या प्रकारचे असतात.

थोडक्यात, जुना काचेचा आरसा 19व्या शतकाच्या मध्याआधीचा असेल तर त्यामागे बहुधा पारा-कथील असतं, 20व्या शतकातला असेल तर चांदी किंवा अॅल्युमिनियम. मधल्या पन्नासेक वर्षांत दोन्ही सापडतात.

नावं आणि आकार: कोणता आरसा कुठला?

पियर ग्लास: दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर लावायचा उंच, अरुंद आरसा. खाली बहुधा छोटं टेबल असतं. मेणबत्तीचा उजेड दुप्पट करणं हा त्याचा मूळ उपयोग.

ओव्हरमँटल आणि त्रूमो: दोन्ही शेकोटीच्या वर शोभणारे. त्रूमो या फ्रेंच प्रकारात आरशाच्या वर, त्याच चौकटीत, एखादं चित्र किंवा कोरीवकाम असतं.

शेव्हाल ग्लास: दोन खांबांमध्ये अडकवलेला, पुढेमागे झुकणारा, पायांवर उभा राहणारा पूर्ण उंचीचा आरसा. जुन्या हिंदी सिनेमातल्या जमीनदारांच्या शयनगृहात हमखास दिसतो.

बहिर्गोल आरसा: फुगीर, गोल आरसा. यात अख्खी खोली मावते. यान व्हॅन आइकच्या 1434 मधल्या ‘आर्नोल्फिनी’ चित्रात मागच्या भिंतीवर असाच आरसा आहे. 19व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सोनेरी चौकट आणि वर गरुड असलेले बहिर्गोल आरसे लोकप्रिय होते.

व्हेनेशियन आरसा: याची चौकटही काचेचीच असते. कोरलेल्या, कापलेल्या काचेच्या पट्ट्या आणि फुलं जोडून ती बनवतात. आजही त्या शैलीत नवे आरसे बनतात, त्यामुळे ‘व्हेनेशियन’ म्हणजे जुना असं समजू नये.

शीशमहालाचं काम: आंबेर किल्ल्यातला 17व्या शतकातला किंवा लाहोरच्या किल्ल्यातला शीशमहाल आठवा. इथे एक मोठा आरसा नसून हजारो छोटे तुकडे चुन्यात बसवलेले असतात. त्यातले बरेच किंचित फुगीर असतात, कारण ते फुंकून केलेल्या, आतून कलई केलेल्या काचेच्या गोळ्यातून कापलेले असतात. म्हणून एका दिव्याच्या असंख्य ज्योती दिसतात. कच्छी भरतकामातल्या आभल्यांचं तंत्रही हेच. ‘मुघल-ए-आझम’ (1960) मधला शीशमहालाचा सेट लाहोरच्या शीशमहालावरून सुचला होता. त्याच्या चित्रीकरणात खरी डोकेदुखी होती ती प्रत्येक तुकड्यातून कॅमेऱ्यावर परत येणाऱ्या उजेडाची!

फणेरपेटी: मराठी घरातला हा खास प्रकार. लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा आणि खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेण यांसाठी कप्पे. जमिनीवर बसून, झाकण उघडून वेणीफणी करायची. घरात अशी पेटी अडगळीत असेल तर आरसा डागाळलाय म्हणून ती टाकून देऊ नका.

‘बेल्जियमचा आरसा’ म्हणजे काय?

19व्या शतकात बेल्जियम हा काच निर्यात करणारा मोठा देश होता. तिथली काच आणि आरसे मुंबई बंदरात उतरत. त्यामुळे वाड्यांच्या दिवाणखान्यांत, गोव्यातल्या जुन्या घरांत आणि मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या भिंतींवर असे आरसे दिसू लागले. जाड, स्वच्छ काच आणि कडेची तिरपी घासाई ही त्यांची ओळख.

हळूहळू ‘बेल्जियम’ हे देशाचं नाव न राहता दर्जाचं नाव झालं. त्यामुळे आज विक्रेता ‘बेल्जियम’ म्हणाला तर तो सिद्ध झालेला इतिहास मानू नका. कारखान्याचा शिक्का, चिठ्ठी किंवा जुनी पावती असेल तरच तो दावा पक्का.

खरा जुना आहे का? घरी करता येतील अशा तपासण्या

1. पाठ बघा. पारा-कथिलाचा थर राखाडी चंदेरी दिसतो आणि त्यावर बहुधा रंग नसतो. चांदीच्या थरावर मात्र संरक्षणासाठी रंगाचा किंवा वॉर्निशचा हात असतो.

2. डाग वाचा. पाऱ्याचा आरसा जुना झाला की त्यात राखाडी, मिठाच्या कणांसारखी चमचम दिसते. चांदीच्या आरशात कडेने तपकिरी, काळे डाग सरकत येतात. खरी झीज बहुधा कडेने आणि खालून सुरू होते. सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे डाग असतील तर ते मुद्दाम पाडलेले असण्याची शक्यता मोठी.

3. प्रतिमा हलवून बघा. आरशासमोर डोकं हळूहळू डावीउजवीकडे न्या. हाताने केलेल्या जुन्या काचेत प्रतिमा किंचित लहरते. आधुनिक काच एकदम सपाट असते.

4. कडेवरून बोट फिरवा. हाताने घासलेली तिरपी कड उथळ असते, बोटाला जेमतेम जाणवते. यंत्राने केलेली कड ठसठशीत आणि सगळीकडे सारखी असते.

5. चौकट तपासा. जुनी चौकट लाकडाची, त्यावर खडूच्या लगद्याची नक्षी आणि वर सोन्याचा वर्ख अशी असते. टवका उडालेल्या जागी पांढरा लगदा आणि लाकूड दिसतं. रेझिनच्या नव्या चौकटीत साच्याची रेघ सापडते.

एक सावधगिरी: चौकट जुनी आणि काच नवी, किंवा उलटं, असं बऱ्याचदा असतं. त्यामुळे एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटसारख्या ठिकाणी जाणार असाल तर दिवसाउजेडी जा आणि आरसा भिंतीवरून उतरवून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर पाठीचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो मागा. विक्रेता पाठ दाखवायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडून दिलेला बरा.

पाऱ्याच्या आरशाबाबत एवढं नक्की पाळा

पारा-कथिलाचा थर पूर्णपणे घट्ट नसतो. त्यात थोडा पारा द्रवरूपात राहतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरतो. त्यामुळे अशा आरशाच्या चौकटीत, खालच्या बाजूला, पाऱ्याचे बारीक थेंब साठलेले असू शकतात.

भिंतीवर शांत लटकलेल्या आरशामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण तो खोलायचा, हलवायचा असेल तर ही काळजी घ्या:

आरसा उभाच ठेवा आणि जी बाजू खाली होती तीच खाली राहू द्या. आडवा किंवा उलटा केला तर पारा उरलेल्या थरावरून वाहत त्याची नासाडी करतो.

हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लांब ठेवा.

अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. पारा सोन्याला धरतो आणि दागिना पांढरा पडून खराब होतो.

पारा सांडलाच तर झाडू मारू नका आणि व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच वापरू नका. त्याने थेंब फुटून पसरतात आणि वाफ वाढते. दोन जाड कागदांनी थेंब एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. मोरीत किंवा कचऱ्यात टाकू नका.

थर खरवडून ‘साफ’ करण्याचा प्रयत्न करू नका.

नवा थर द्यावा का?

डागाळलेला आरसा बघून पहिला विचार येतो तो जुना थर काढून नवा बसवण्याचा. तसं करता येतं. पण एकदा जुना थर गेला की त्या आरशाच्या वयाचा सगळ्यात मोठा पुरावाही गेला, आणि जाणकारांच्या लेखी किंमतही उतरते. चेहरा स्वच्छ बघण्यासाठी नवा आरसा शे-पाचशे रुपयांत मिळतो. काच बदलायचीच असेल तर चौकटीत नवी काच बसवा आणि जुनी काच नीट गुंडाळून, उभी जपून ठेवा.

रोजच्या सफाईतही एक चूक सर्रास होते. काचेवर थेट स्प्रे मारला की ओघळ खालच्या कडेतून आत शिरतो आणि तिथूनच थर सुटू लागतो. त्याऐवजी मऊ कापड जेमतेम ओलसर करून पुसा. अमोनिया आणि व्हिनेगर टाळा. वर्ख लावलेल्या चौकटीला पाणी लावू नका, मऊ ब्रशने धूळ झटका. कोकणात आणि मुंबईत ओल फार, म्हणून भिंत आणि आरसा यांत थोडी हवा खेळती राहील अशी फट ठेवा.

परदेशी नेणार असाल तर

1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार भारतात किमान 100 वर्षं जुन्या कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीचा आरसा लेकीच्या लंडनच्या घरी पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा. वस्तू पुरावस्तू नसेल तर तसं प्रमाणपत्र तिथून मिळू शकतं. ‘शंभर वर्षं जुना’ ही ओळ पोस्टमध्ये भाव वाढवते, पण विमानतळावर तीच अडचणीची ठरू शकते.

तेव्हा यापुढे कुठे जुना आरसा दिसला तर त्यात स्वतःला जरूर बघा, पण विकत घेण्याआधी एकदा तो उलटा फिरवून पाठीवर काय आहे तेही बघा. फक्त खालची बाजू खालीच राहू द्या!